फ्रान्सच्या राजाचा वकील पुण्यास येतो

'वकील' हा शब्द कानी पडताच पुसदच्या किंवा यवतमाळच्या न्यायालयात काळा डगला घालून फिरणारा गृहस्थ तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पेशवाईत या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या दरबारी ठेवलेला जो आपला विश्वासू मनुष्य, त्यास वकील म्हणत. धन्याचे म्हणणे परक्या दरबारात मांडणे, तहाची बोलणी करणे, थकलेल्या बाकीचा तगादा लावणे ही त्याची उघड कामे होत. परंतु त्याचे खरे काम रात्री, समईच्या उजेडात चाले. दिवसभरात त्या दरबारी काय दिसले, काय ऐकू आले, कोणावर मर्जी आहे, कोणाची खप्पा झाली, फौजेचा पगार किती महिने तुंबला आहे, हे सर्व तो लिहून काढी आणि जासुदांच्या जोडीबरोबर घरी रवाना करी.

अशी पत्रे आज सहस्रावधी उपलब्ध आहेत. दिल्लीच्या बादशाही दरबारात हिंगणे घराणे पुण्याच्या वतीने पिढीजात राहिले. हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. ही पत्रे मोडी लिपीत असत. कालगणना मुसलमानी महिन्यांची, मजकूर कलमवार, आणि जे सर्वांसमक्ष वाचण्याजोगे नसे ते निराळ्या पुरवणीत. आपल्या घरातील आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद पडले असतील तर ते फेकून देऊ नका. जमिनीच्या कागदांतही कधी कधी फार मोठा इतिहास दडलेला असतो. असो.

वकिलाचे पत्र वाचताना एक भेद मनात धरावा. त्यात तीन प्रकारचा मजकूर असतो : स्वतः पाहिलेला, दुसऱ्याकडून ऐकलेला आणि आपल्या बुद्धीने ताडलेला. 'अमक्या दिवशी अमका सरदार दरबारात आला' हे पाहिलेले. 'त्याने एवढे लक्ष रुपये मागितल्याची वदंता आहे' हे ऐकलेले. 'यावरून लढाई होणार असे दिसते' हे ताडलेले. चांगला वकील ही तीन धान्ये निरनिराळ्या सुपांत ठेवतो. ती एकत्र मिसळली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे, आणि ते मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. त्यात पाहणारा इंग्रज, पाहिला जाणारा दरबार पुण्याचा आणि ज्या परक्या राजसत्तेविषयी हा सारा खटाटोप झाला ती फ्रान्सची होती.

प्रथम त्या वेळची स्थिती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांच्या पश्चात १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने सखारामबापू बोकील, नाना फडणीस इत्यादी मुत्सद्द्यांनी कारभार हाती घेतला. बारभाईंचे कारस्थान ते हेच. चुलते रघुनाथराव हे पेशवाईच्या लोभाने मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस त्यांच्याशी तह केला. त्यापूर्वीच, १७७४ च्या अखेरीस, मुंबईकरांनी साष्टी बेट बळकावले होते. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास हा उद्योग पसंत पडला नाही. त्यांनी कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदर येथे पुणे दरबाराशी निराळाच तह केला. रघुनाथरावांनी नेमणूक घेऊन कोपरगावी स्वस्थ राहावे, असे त्यात ठरले. मुंबईकरांना हा तह म्हणजे घशात अडकलेला काटा वाटू लागला. त्यांनी रघुनाथरावांस सोडले नाही, आणि तह मोडण्यास एखादे निमित्त मिळते काय याची वाट पाहत बसले.

ते निमित्त समुद्रातून चालून आले. इ. स. १७७७ च्या आरंभीच्या महिन्यांत एक फ्रेंच जहाज चौलच्या बंदरास लागले आणि त्यातून सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ उतरला. चौल तेव्हा पुण्याच्या अमलात होते. तो घाट चढून पुण्यास आला. आपण फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचे वकील आहोत असे त्याने सांगितले, आणि राजाच्या नावाची पत्रे पुढे केली. दरबाराने त्याचा मोठा सन्मान केला.

हा मनुष्य कोण होता? हिंदुस्थानात तो नवखा नव्हता. काही वर्षांपूर्वी मद्रासेस इंग्रजांच्या कृपेत शिरून हैदर अलीवरील स्वारीत तो त्यांच्याबरोबर गेला होता. पुढे मायदेशी जाऊन, हिंदुस्थानातील राजेरजवाडे आपल्या मुठीत आहेत अशी बतावणी त्याने तेथील प्रधानमंडळापुढे केली. ग्रँट डफने आपल्या इतिहासात त्याची गणना धाडसी, पोटभरू लोकांत केली आहे. तथापि तो अगदीच तोतया होता असेही म्हणता येत नाही, कारण राजाची पत्रे त्याच्यापाशी होती. खोटेपणा होता तो वचनांत. अडीच हजार गोरे सैनिक आणतो, दहा हजार शिपाई कवायती तयार करून देतो, तोफा-बंदुकांची वाण पडू देत नाही, अशी त्याची बोली ग्रँट डफने नमूद केली आहे. याच्या मोबदल्यात पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांना एखादे बंदर मिळावे, आणि ते बंदर चौल असावे, असा बेत असल्याचे इंग्रजांच्या कानी आले. ते अडीच हजार गोरे पुण्यास कधीच आले नाहीत, हे येथेच सांगून टाकतो.

त्याच सुमारास इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन हा पुण्यात राहण्यास आला होता. या गृहस्थाची ही पहिली खेप नव्हती. १७६७ साली तो थोरल्या माधवरावांच्या दरबारी येऊन गेला होता आणि नारायणरावांचा वध झाला तेव्हाही तो पुण्यातच होता. पुण्याची माणसे, त्यांची वैरे आणि त्यांचे स्वभाव जाणणारा एवढा मुरलेला इंग्रज दुसरा नव्हता. ल्युबिनचा सन्मान मॉस्टिनच्या दृष्टीआड राहणे शक्यच नव्हते. त्याने ते सर्व मुंबईस लिहून कळविले. दरबारात विचारणा केली, तेव्हा सरळ उत्तर मिळाले नाही. तेही त्याने लिहिले.

आता आपली तीन सुपे घ्या. ल्युबिन आला, त्याचा सत्कार झाला, तो कारभाऱ्यांशी बोलतो : हे पाहिलेले. चौल फ्रेंचांस मिळणार, फौज येणार : हे ऐकलेले. पुणेकर फ्रेंचांशी एक होऊन इंग्रजांवर उठणार : हे ताडलेले. मॉस्टिनच्या पत्रांतून ही बातमी मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याच्या मंडळापुढे गेली. त्या मंडळाला युद्ध हवेच होते. तिसऱ्या सुपातील दाणे त्यांनी पहिल्या सुपात ओतले, आणि 'पुणे दरबार फ्रेंचांच्या हाती गेला' अशी हाकाटी करून कलकत्त्यास पत्रे धाडली. बातमी लिहिणाऱ्याचे डोळे कितीही स्वच्छ असोत, वाचणाऱ्याच्या मनात जे अगोदरच लिहिलेले असते तेच तो कागदावर वाचतो.

हा दोष त्या काळापुरता किंवा मुंबईपुरता आहे असे समजू नये. १९१४ साली पहिल्या महायुद्धापूर्वी लंडनमध्ये जर्मनीचा वकील प्रिन्स लिखनोव्हस्की हा होता. फ्रान्सवर हल्ला झाल्यास इंग्लंड स्वस्थ बसणार नाही, असे तो बर्लिनला पुनःपुन्हा लिहीत होता. कैसर दुसरा विल्यम याला वकिलांच्या पत्रांच्या समासात चिडून शेरे मारण्याची खोड होती. इंग्लंड तटस्थ राहील ही त्याची व त्याच्या मंत्र्यांची मनातली आशा. ४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंडने युद्ध पुकारले. मुंबईकरांनी आपल्या वकिलाचे लिहिणे फुगवून वाचले आणि बर्लिनकरांनी आपल्या वकिलाचे लिहिणे दाबून वाचले, एवढाच काय तो फरक.

पुण्याच्या प्रकरणात मात्र याहून गहन अशी एक गोष्ट आहे, आणि मला वाटते तीच मुलांनी नीट उमजून घ्यावी. नाना फडणीस काही भोळे नव्हते. ल्युबिनची वचने किती पोकळ आहेत याचा अंदाज त्यांना नव्हता असे मानणे कठीण आहे. ज्यांच्या पूर्वजांनी वसई घेण्यासाठी एवढे रक्त सांडले, ते आपण होऊन दुसऱ्या टोपीकरास कोकणात बंदर देतील हे संभवत नाही. मग एवढा मानमरातब कशासाठी? तर इंग्रजांच्या वकिलाने तो पाहावा यासाठी! पुष्कळ इतिहासकारांचे मत असेच आहे की, मुंबईकरांना धाक बसावा, त्यांनी रघुनाथरावांस सोडावे आणि पुरंदरचा तह पाळावा, एवढ्याकरिता नानांनी ल्युबिनला बुजगावण्यासारखे उभे केले. कारभाऱ्यांचा प्रत्येक नमस्कार मॉस्टिनच्या लेखणीतून मुंबईस पोचणार हे ते जाणून होते. म्हणजे पाहा, मॉस्टिनच्या पत्रातील अर्धा मजकूर एका अर्थी नानांनीच सांगितलेला होता. पहारेकऱ्याला आपण जे दाखवू तेवढेच तो पाहतो, हे ज्याला कळले त्याच्या हाती पहारेकऱ्याची लेखणी येते.

युक्ती नामी होती. पण ज्वारीच्या शेतातल्या बुजगावण्याने पाखरे उडतात, रानडुक्कर उडत नाही, हे आपल्या फुलसावंगीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. मुंबईकर भिऊन मागे सरले नाहीत. उलट त्यांनी या भीतीचेच हत्यार केले.

येथे नानांच्या बाजूची एक उणीव स्पष्ट दिसते. ल्युबिन म्हणतो त्यात तथ्य किती, फ्रान्सच्या राजाचा खरा मनोदय काय, त्याचा खजिना कोणत्या स्थितीत आहे, त्याची जहाजे कोणत्या समुद्रात आहेत, हे पडताळून पाहण्यास पुणे दरबाराचा एकही मनुष्य पॅरिसमध्ये नव्हता. लंडनमध्येही नव्हता. दिल्ली, हैदराबाद, म्हैसूर, नागपूर येथील दरबारांची नाडी ज्यांना घरबसल्या कळे, त्यांना समुद्रापलीकडील राजांविषयी जे कळे ते व्यापारी, खलाशी, गोव्याचे पोर्तुगीज आणि खुद्द ते टोपीकर यांच्याच तोंडून. उलट पुण्यात इंग्रजांचा मॉस्टिन होता. पोर्तुगीजांच्या वतीने नारायण विठ्ठल धुमे हे गोव्याचे सारस्वत गृहस्थ पेशव्यांच्या दरबारी वावरत आणि तेथील वर्तमान गोव्यास कळवीत. त्यांच्यासारख्या वकिलांचे कागद इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले आहेत. एक मराठी बोलणारा मनुष्य पोर्तुगालच्या राजसत्तेसाठी मराठ्यांच्या दरबाराची टिपणे करतो, ही वाचणाऱ्यास मौज वाटेल. पण वकिली ही तेव्हा चाकरी होती, आणि चाकरी ज्याची खावी त्याचे इमान राखावे, अशी रीत होती.

आता जगाच्या पटावर काय चालले होते ते पाहू. अमेरिकेतील वसाहती १७७५ पासून इंग्लंडशी लढत होत्या. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे इंग्रजांची एक सबंध फौज शरण गेली. ते पाहून फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये अमेरिकनांशी तह केला, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध जुंपले. पुढे स्पेन व हॉलंड त्यात ओढले गेले. अमेरिका, वेस्ट इंडीज बेटे, जिब्राल्टर, हिंदुस्थान अशा चारही दिशांना हे युद्ध पसरले. त्या काळी महायुद्ध हा शब्द नव्हता, पण वस्तू तीच होती.

कलकत्त्यास बसलेल्या वॉरन हेस्टिंग्जने ही दोन टोके जोडली. पश्चिमेकडे इंग्रजांचा पाय घसरला आहे तर पूर्वेकडे तो अधिक घट्ट रोवला पाहिजे, असा त्याचा विचार. पुण्यातील एका फ्रेंचाची बातमी त्याच्या दृष्टीने फ्रान्सच्या जगव्यापी बेताची खूण ठरली. त्याच्या मंडळातील फिलिप फ्रान्सिस व व्हीलर यांनी विरोध केला, तरी १७७८ च्या प्रारंभीच हेस्टिंग्जने निश्चय केला की, बंगालची फौज जमिनीवरून सबंध हिंदुस्थान ओलांडून मुंबईस धाडावयाची. मे महिन्यात कर्नल लेस्ली काल्पी येथे यमुना उतरला. ऑक्टोबरात तो मरण पावला आणि कर्नल गॉडर्ड सेनापती झाला.

येथे हे प्रकरण आपल्या विदर्भाच्या दाराशी येते. काल्पीहून पश्चिम किनाऱ्यास जाणारी फौज नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखाजवळून जाणार. वऱ्हाडच्या बऱ्याच भागात तेव्हा निजाम व भोसले यांचा दोन अमली कारभार होता; म्हणजे शेतकऱ्याने पिकवावे आणि दोन धन्यांनी वाटून घ्यावे. नागपुरास मुधोजी भोसले आपल्या मुलाच्या, दुसऱ्या रघुजीच्या, नावाने कारभार पाहत होते. साताऱ्याच्या गादीवर हक्क सांगण्यास मुधोजींना उभे करावे आणि पुणेकरांच्या पाठीत काटा रोवावा, असा हेस्टिंग्जचा डाव. त्याने अलेक्झांडर इलियट नावाच्या हुशार तरुणास नागपूरकडे वकील म्हणून पाठविले. तो बिचारा सप्टेंबर १७७८ मध्ये वाटेतच, सारंगगडाजवळ, तापाने मेला. मुधोजींनीही उघडपणे कोणाचीच बाजू धरली नाही. त्यांनी गॉडर्डची वाट अडविली नाही आणि पुण्याविरुद्ध तलवारही उपसली नाही. पुष्कळ लोक यास दुटप्पीपणा म्हणतात. दोन हत्तींच्या झुंजीत सापडलेल्या मनुष्यास दुसरे काय करता येते, हे त्यांनी सांगावे!

नागपूरच्याच बाजूचा आणखी एक मनुष्य या कथेत आहे. भोसल्यांचा कलकत्त्यातील वकील बेनीराम पंडित. हा हेस्टिंग्जचा इतका स्नेही बनला की, १७८१ साली बनारसेस चेतसिंगाच्या दंग्यात हेस्टिंग्ज पळून चुनारच्या किल्ल्यात अडकला असता, बेनीराम व त्याचा भाऊ यांनी त्यास एक लाख रुपये देऊ केले. पुढे हेस्टिंग्जने त्यांना जहागीर दिली. एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबाराचा जहागीरदार झाला म्हणजे तो घरी जी बातमी लिहितो ती कोणत्या शाईने लिहितो, असा प्रश्न मुधोजींना पडला असला तर नवल नाही. परक्या दरबारी वर्षानुवर्षे राहणारा मनुष्य त्यांचे अन्न खातो, त्यांच्या मुलांच्या बारशास जातो, त्यांच्या विनोदावर हसतो. त्यांचे मन ओळखण्यास हे सारे अवश्यच आहे. परंतु त्यातूनच तो हळूहळू त्यांचा होतो. मॉस्टिन पुण्याचा झाला नाही, बेनीराम मात्र कलकत्त्याचा झाला.

इकडे मुंबईकरांना दम निघेना. गॉडर्ड येईपर्यंत थांबावे तर यशाचा वाटा बंगालकर नेणार. १७७८ च्या मार्चात पुण्यात मोरोबा फडणिसाने नानांविरुद्ध उठावणी करून इंग्रजांस बोलाविणे धाडले होते. ती उठावणी काही महिन्यांत नानांनी मोडली. ल्युबिनलाही त्यांनी त्याच वर्षी निरोप दिला होता. म्हणजे ज्या दोन कारणांसाठी फौज निघावयाची ती दोन्ही नाहीशी झाली होती. पण मुंबईच्या मंडळापुढे जुनी पत्रे होती, आणि जुनी बातमी ही शिळ्या भाकरीसारखी. पोट भरते पण अंगी लागत नाही. रघुनाथरावांस बरोबर घेऊन, ओझ्याचे हजारो बैल हाकीत त्यांची फौज बोरघाट चढली. पुण्यातील लोक आपल्याला येऊन मिळतील ही खात्री. कोणीही आले नाही. ४ जानेवारी १७७९ रोजी कारल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याच्या शौर्यावर खूष होऊन शत्रूच्याच लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले, आणि वडगावास आजही त्याची आठवण लोक सांगतात. महादजी शिंदे व नाना यांनी गावे उजाड करून, दाणावैरण जाळून ती फौज कोंडली. तळेगावाहून मागे फिरलेले इंग्रज वडगावास पुरते वेढले गेले आणि त्यांना तह लिहून देऊन सुटका करून घ्यावी लागली. मॉस्टिन हा त्या स्वारीबरोबर निघाला होता; पण आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजीच वारला. पुण्यास सर्वांहून अधिक ओळखणारा त्यांचा मनुष्य नेमक्या त्या घडीस त्यांच्याजवळ नव्हता.

गॉडर्ड तेव्हा बऱ्हाणपुरास पोचत होता. परत फिरण्याविषयी वडगावच्या इंग्रज मंडळाने लिहिलेले पत्र त्याच्या हाती पडले. ते पत्र दाबाखाली लिहिलेले असावे हे त्याने ताडले. ताडण्याचे असेही एक मोल असते. मी त्याची निंदाच केली असे समजू नका. तो मागे न फिरता झपाट्याने सुरतेकडे निघाला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे दाखल झाला. वडगावचा तह कलकत्त्याने मानला नाही. युद्ध पुढे तीन वर्षे चालले.

बातमीच्या वेगाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विलायतेहून आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या जहाजास सहा-सहा महिने लागत. परंतु मिसर देशात कैरो येथे जॉर्ज बाल्डविन नावाचा एक इंग्रज व्यापारी राहत होता. १७७८ साली फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याचे वृत्त त्याने सुएझच्या मार्गाने हिंदुस्थानास धाडले. जुलै महिन्यात ते कलकत्त्यास कळले आणि लागलीच इंग्रजांनी चंद्रनगर घेतले. ऑक्टोबरात पुद्दुचेरी पडले. फ्रेंचांचे हिंदुस्थानातील घर, त्यांना मदत पोचण्यापूर्वीच, एका पत्राने रिकामे झाले. ल्युबिनने पुण्यास ज्या राजाच्या बळाची हमी दिली त्याची येथील ठाणी अशा रीतीने गेली, आणि १७७९ च्या मार्चात माहेही गेले.

युद्धाचा शेवट १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, रघुनाथरावांस नेमणूक मिळाली. शाळेच्या पुस्तकात एवढे असते. त्या तहात आणखी एक कलम होते, त्याकडे मुलांचे लक्ष सहसा जात नाही. पेशव्यांनी आपल्या मुलुखात इंग्रजांखेरीज दुसऱ्या कोणत्याही युरोपियन राष्ट्राची वखार होऊ देऊ नये, मात्र पोर्तुगीजांची पूर्वीपासून असलेली ठाणी त्यास अपवाद, असे ते कलम. ल्युबिनचे बुजगावणे १७७७ साली शेतात उभे केले गेले, त्याची किंमत पाच वर्षांनी अशी मोजावी लागली. चार वर्षांनंतर, १७८६ साली, चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा कायमचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला आणि संगमावर राहू लागला. १७९७ पर्यंत तो तेथे होता.

नानांनी या धड्यातून काही घेतले नाही असे नाही. कलकत्त्यास लाला सेवकराम यास त्यांनी आपला वकील म्हणून ठेवले आणि हेस्टिंग्जच्या दरबाराची बातमी ते मागवू लागले. लंडनला मात्र पुण्याचा वकील गेला नाही. गेला तो रघुनाथरावांचा. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मन्यार नावाचा पारशी असे त्यांचे दोन वकील १७८१ साली समुद्र ओलांडून इंग्लंडात पोचले. तेथे त्यांचे हाल पाहून पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले, आणि हणमंतरावास आपल्या आचाराप्रमाणे स्वतंत्र स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील झाडांसाठी बांधलेले काचघर रिकामे करून दिले. इंग्लंडच्या राजाची राजधानी, तिचे पार्लमेंट, त्यातील पक्ष आणि कंपनीवर चाललेली टीका हे सर्व एका मराठी मनुष्याने त्या वर्षी जवळून पाहिले. तो मात्र पुणे दरबाराचा चाकर नव्हता.